भटक्या कुत्र्यांचे गणित

डिसेंबरात विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने श्रीरामपूरच्या एका शाळेत आमचे जाणे झाले. प्रयोग पाहून झाल्यावर सातवीची काही मुले आम्हांला जिन्याखाली घेऊन गेली. तिथे एका खोक्यात जुन्या चादरीवर पाच पिल्ले होती. आदल्या पहाटे कोणीतरी त्यांना गोणीत बांधून शाळेच्या फाटकाशी ठेवून गेले होते. पाचही माद्या होत्या. मुलांनी दुधाची पाळी लावली होती आणि नावेही ठेवली होती.

त्यांच्या बाईंनी मात्र आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "मुलांना दया शिकवायची म्हणून मी ही पिल्ले ठेवून घेतली. पण दोन वर्षांत या पाचांची पंचवीस होतील आणि त्यातलेच एखादे कुत्रे पहिलीतल्या पोराला चावेल. मग मी केले ते बरोबर की चूक?"

त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. प्रश्न दयेचा होता तसाच गणिताचाही होता. ते गणित आपण इथे टप्प्याटप्प्याने मांडून पाहू.

गावात कुत्री किती राहू शकतात?

श्रीरामपूरसारखे गाव डोळ्यांसमोर आणा. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे स्थानक, मोठी बाजारपेठ, प्रवरेच्या कालव्यांवर वाढलेला ऊस, भोवती वाड्या-वस्त्या. गावात खानावळी, मंगल कार्यालये आणि मटण-कोंबडीची दुकाने आहेत. या सगळ्यांतून रोज जे उष्टे-खरकटे आणि टाकाऊ मांस उघड्यावर पडते, त्यावर गावातली कुत्री जगतात. एखाद्या परिसरातले अन्न आणि निवारा किती प्राण्यांना पुरेल त्या मर्यादेला त्या परिसराची धारणक्षमता म्हणतात. गावाची धारणक्षमता उकिरड्यावर ठरते.

भटकी कुत्री वाटेल तशी फिरत नाहीत. त्यांचे लहान लहान गट असतात आणि प्रत्येक गट आपली गल्ली राखतो. परक्या कुत्र्याला भुंकून, प्रसंगी चावून हुसकावले जाते. म्हणजे गल्लीतली जुनी कुत्री एका अर्थाने बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अडवणारा बांधच असतात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता जन्माकडे वळू. भाद्रपद आणि कुत्री यांची सांगड आपल्या बोलीत पूर्वीपासून आहे आणि ती निरीक्षणावर आधारलेली आहे. आपल्याकडच्या बहुतेक भटक्या माद्या पावसाळा सरता सरता माजावर येतात. गर्भाचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत, गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. शाळेच्या फाटकावरची गोणी डिसेंबरातच सापडली यात नवल नाही.

यातली जगतात किती? कोलकात्याजवळच्या 'आयसर' या संस्थेतील शास्त्रज्ञांनी भटक्या माद्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे सात महिन्यांचे होईपर्यंत, म्हणजे प्रजननक्षम वयापर्यंत, अवघी १९ टक्के पिल्ले टिकली. मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांना या ना त्या रीतीने माणूस कारणीभूत होता. वाहनाखाली येणे, मारले जाणे, उचलून नेले जाणे ही त्यातली काही कारणे. 'कुत्र्यांची एक जोडी सहा वर्षांत हजारो कुत्री निर्माण करते' असे गणित पुष्कळदा ऐकवले जाते. ते खरे नाही, कारण त्यात मृत्यू धरलेलेच नसतात. बाईंच्या पाचांची पंचवीस होण्याआधी त्या पाचांतली चार दगावण्याची शक्यता अधिक. मात्र यावर समाधान मानण्यासारखे काही नाही. म्हणजे आज आपल्या गावांतली कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवली जाते ती पिल्लांच्या मरणाने.

फळ्यावर मांडण्यासारखे उदाहरण

एक गाव कल्पू. तिथे २०० मोठी कुत्री आहेत, १०० माद्या आणि १०० नर. सोपेपणासाठी प्रत्येक मादी वर्षातून एकदा विते आणि वेताला चार पिल्ले होतात असे धरू. वर्षाला पिल्ले झाली ४००. त्यातली १९ टक्के, म्हणजे ७६, मोठी होतात. गावातली संख्या कायम २०० राहते असे मानले तर वर्षाला ७६ मोठी कुत्री मरत असली पाहिजेत. हे प्रमाण ३८ टक्के झाले.

आता तीन उपाय करून पाहू आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारू: वर्षाअखेर संख्या पुन्हा २०० वर येण्यासाठी शंभरातली किती पिल्ले जगावी लागतील?

पहिला उपाय: ५० कुत्री (निम्म्या माद्या, निम्मे नर) पकडून दूर सोडली किंवा मारली. उरली १५०. त्यातली ३८ टक्के वर्षात मरतील, ९३ राहतील. म्हणजे १०७ ची भर हवी. उरलेल्या ७५ माद्यांना ३०० पिल्ले होतील. त्यांपैकी ३६ टक्के जगली की संख्या पूर्ववत. खाणारी तोंडे कमी झाल्याने प्रत्येकाच्या वाट्याचे अन्न वाढले, तर १९ टक्क्यांचे ३६ टक्के होणे अशक्य नाही. शिवाय रिकाम्या गल्ल्यांत बाहेरची कुत्री शिरतात ती वेगळीच.

दुसरा उपाय: १०० पैकी ३० माद्यांचे निर्बीजीकरण केले. उरलेल्या ७० माद्यांना २८० पिल्ले होतील. त्यांपैकी २७ टक्के जगली की ७६ भरून निघाली. म्हणजे ३० शस्त्रक्रियांचे श्रम आणि खर्च होऊनही गावाला फरक जाणवणार नाही.

तिसरा उपाय: ७० माद्यांचे निर्बीजीकरण केले. उरलेल्या ३० माद्यांना १२० पिल्ले. संख्या टिकवायची तर त्यातली ६३ टक्के जगली पाहिजेत. हे फार अवघड आहे. म्हणून संख्या उतरू लागते.

'निम्मी कुत्रीच उचलली तर?' असे चाणाक्ष विद्यार्थी विचारतील. आमच्या उदाहरणात मग ६९ टक्के पिल्ले जगावी लागतात, म्हणजे कागदावर हाही उपाय चालतो. पण ती १०० कुत्री ठेवायची कुठे? त्यांच्या ओस पडलेल्या गल्ल्यांत शेजारगावची, उसाच्या हंगामात तोडणी टोळ्यांबरोबर येणारी कुत्री शिरली तर काय? आणि पुढल्या वर्षी पुन्हा निम्मी उचलायची. निर्बीज मादी मात्र आपल्या गल्लीतच राहते, परक्यांना अडवते आणि पिल्ले घालत नाही.

उदाहरण एक वर्ष पुढे नेले की आणखी एक गोष्ट दिसते. ७० निर्बीज माद्यांपैकी वर्षाने सुमारे ४३ उरतील. १२० पिल्लांतली १९ टक्के जगली तर नव्या माद्या सुमारे ११ येतील. एकूण माद्या आता सुमारे ७३, त्यातल्या निर्बीज ५९ टक्के. प्रमाण पुन्हा ७० टक्क्यांवर नेण्यासाठी त्या वर्षी नव्या शस्त्रक्रिया लागतील फक्त आठ. पिल्ले जास्त जगली तर बारा-पंधरा. पहिल्या वर्षी एकवटून जोर लावला, तर पुढची राखण स्वस्तात होते. पण ती दरवर्षी करावी लागते. मध्येच थांबले तर निर्बीज माद्या म्हाताऱ्या होऊन मरतात आणि गाव मूळ पदावर येते.

आता त्या गोणीकडे परत पाहा. ज्या गावाला वर्षाला आठ माद्यांची शस्त्रक्रिया पुरणार आहे, तिथे बाहेरून आणून टाकलेल्या पाच माद्या जगल्या तर निम्म्याहून अधिक काम वाढते. नर पिल्लू राखणीला ठेवायचे आणि माद्या गोणीत घालून दुसऱ्याच्या दारात सोडायच्या, या घराघरांतल्या सवयीचा हा हिशेब आहे. घरच्या मादीचे निर्बीजीकरण झाले असते तर गोणी भरलीच नसती. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या प्रश्नाची एक मुळी अशी पाळीव कुत्र्यांच्या घरात आहे.

प्राणिमित्र संस्था नेमके काय करतात?

प्राणिमित्र संस्था म्हटले की जखमी कुत्र्याला मलमपट्टी करणारी माणसे आठवतात. ते काम त्या करतात आणि पिल्लांना घरेही शोधून देतात. पण केवळ आश्रयस्थान बांधून संख्या कमी होत नाही. आमच्या काल्पनिक गावात वर्षाला ४०० पिल्ले जन्मतात. ५० पिंजऱ्यांचे आश्रयस्थान एका हंगामात भरून जाईल. म्हणून अनुभवी संस्थांचे खरे काम पुढीलप्रमाणे चालते.

एक प्रभाग निवडून तिथली कुत्री जाळ्याने किंवा हाताने पकडतात. कोणते कुत्रे कोणत्या गल्लीतून उचलले त्याची नोंद करून गळ्यात क्रमांक अडकवतात. भूल देऊन मादीची अंडाशये व गर्भाशय आणि नराची वृषणे काढतात. टाके विरघळणाऱ्या दोऱ्याचे असतात, म्हणजे ते काढण्यासाठी पुन्हा पकडावे लागत नाही. भुलीतच कानाच्या कडेला लहानशी खाच पाडतात. ही खाच म्हणजे लांबून वाचता येणारा दाखलाच. मग रेबीजची लस टोचतात, चार-पाच दिवस देखरेखीखाली ठेवतात आणि जिथून उचलले तिथेच सोडतात.

'परत का सोडता?' हा प्रश्न लोक रागाने विचारतात आणि ज्याच्या मुलाला कुत्रे चावले आहे त्याचा राग समजण्यासारखा आहे. त्याचे उत्तर वरच्या गणितात आहे. जागा सोडणाऱ्या कुत्र्याची जागा लस न टोचलेले, निर्बीज न झालेले कुत्रे घेते. चावरे किंवा पिसाळल्याची लक्षणे असलेले कुत्रे ही वेगळी बाब आहे. त्याला परत सोडणे योग्य नाही.

मारून काय साधले?

कुत्री मारण्याचा उपाय आपल्या देशात दीर्घकाळ करून झाला आहे. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात याच कारणावरून दंगल झाली. कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने शिपाई घरांतली कुत्रीही ओढून नेऊ लागले आणि कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला. मद्रास महापालिकेने शंभराहून अधिक वर्षे कुत्री मारली, पण कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही हटला नाही. तिथल्या 'ब्लू क्रॉस' संस्थेने निर्बीजीकरण व लसीकरणाचा आग्रह धरला. महापालिकेबरोबर त्या कामाची सुरुवात व्हायला १९९६ साल उजाडले. पुढे २००१ मध्ये केंद्र सरकारने श्वान प्रजनन नियंत्रणाचे नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. त्यानुसार हे काम करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थांकडून ते करून घेता येते.

जयपूरचा अनुभव बोलका आहे. 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने १९९४ च्या अखेरीस शहराच्या ठरावीक भागात काम हाती घेतले. आठ वर्षांत सुमारे ६५ टक्के माद्या निर्बीज झाल्या, तेव्हा त्या भागातली कुत्री २८ टक्क्यांनी कमी झाली होती. शहराच्या इतर भागांत माणसांना रेबीज होतच होता, पण या भागात तो शून्यावर आला. २८ टक्के हा आकडा काहींना लहान वाटेल. निर्बीजीकरण रस्ते रिकामे करत नाही. ते संख्या हळूहळू उतरवते.

सत्तर टक्के लसीकरण कशासाठी?

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढ्या अवधीत लस काम करू शकते. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. भारतात वर्षाला सुमारे २० हजार माणसे रेबीजने मरतात असा अंदाज २००३ मधील राष्ट्रीय पाहणीत होता. २०२२-२३ मधील पाहणीवरून हा अंदाज सुमारे ५,७०० वर आला आहे. घट मोठी आहे, पण टाळता येण्याजोगे इतके मृत्यू अजून होत आहेत आणि चावा घेतल्या गेलेल्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते.

रोग पसरण्याचा वेग पाहिला तर रेबीज गोवरासारखा नाही. एक पिसाळलेले कुत्रे सरासरी दोनहून कमी कुत्र्यांना रोग देते. समजा दीड. मग तीनातले एक कुत्रे सुरक्षित असले तरी साखळी तुटायला हवी. मग ७० टक्के कशाला? कारण लस टोचलेली कुत्री मरत जातात आणि लस न टोचलेली पिल्ले भर घालत राहतात. वर्षाच्या सुरुवातीला ७० टक्के कुत्र्यांना लस असेल, तर पुढच्या मोहिमेपर्यंत प्रमाण धोक्याच्या रेषेखाली जात नाही. गोव्यात २०१३ नंतर 'मिशन रेबीज' या संस्थेने राज्य सरकारबरोबर हेच केले. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देऊन ७० टक्के गाठले. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरले आणि माणसांचे मृत्यू थांबले. या कार्यक्रमाची पथके वर्षाला दीड लाख शालेय मुलांपर्यंत पोहोचत होती. शिक्षकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

उसातला बिबट्या

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवले, की तिथल्या बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वाधिक वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. उसात लपण आणि वस्तीवर कुत्री, मग बिबट्या डोंगरात कशाला जाईल? उकिरडा कुत्र्याला पोसतो आणि कुत्रा बिबट्याला.

'पकडून दूर सोडा' या उपायाचा धडाही बिबट्याने शेजारच्या जुन्नरमध्ये दिला आहे. २००१ पूर्वी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ या काळात ते सरासरी सतरावर गेले. बिबटे आणि कुत्री यांत पुष्कळ फरक आहे, पण प्राणी उचलला म्हणजे प्रश्न उचलला असे होत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

शाळेने काय करावे?

पहिले काम अन्नाचे. शालेय पोषण आहारातली उरलेली खिचडी भिंतीपलीकडे टाकली जात असेल, तर शाळा स्वतःच कुत्री बोलावते. ती झाकणाच्या खड्ड्यात जाऊ द्या. कुंपणाची भोके बुजवा. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवावीत आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना तिथेच परत सोडू नये असे सांगितले. म्हणून आवारातल्या कुत्र्यांविषयी नगरपालिकेला लेखी कळवावे, पण उकिरडा तसाच ठेवून तक्रार करू नये.

दुसरे काम प्रत्येक मुलाला पाठ असावे: कुत्रे चावले किंवा ओरखडले की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचे नाही, घरी लपवायचे नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. सुयांचा क्रम पुरा करायचा. जखम खोल असेल तर डॉक्टर लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात.

तिसरे काम मोजणीचे. आठवी-नववीचे विद्यार्थी, सोबत मोठे माणूस, सकाळी उजाडताना ठरलेल्या तीन-चार गल्ल्यांतून एक फेरी. कुत्र्याला हात लावायचा नाही, खायला द्यायचे नाही. रंग व खुणांवरून प्रत्येकाची नोंद करायची: नर की मादी, कानाला खाच आहे का, मादी दूध पाजते आहे का. समजा पहिल्या दिवशी २४ कुत्री नोंदली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर २० दिसली आणि त्यातली १२ कालचीच निघाली. मग एकूण कुत्री सुमारे २४ × २० ÷ १२ = ४०. न दिसलेली कुत्रीही मोजण्याची ही युक्ती जीवशास्त्रज्ञ नेहमी वापरतात. माद्यांपैकी किती टक्क्यांच्या कानाला खाच आहे तेही काढा. ३० टक्के की ७० टक्के, यावर गावाचा पैसा सत्कारणी लागला की वाया गेला ते ठरते. हा तक्ता घेऊन मुले नगरपालिकेत गेली तर तक्रारीपेक्षा त्याचे वजन अधिक पडेल. आणि हे काम भाद्रपदाच्या आधी, चैत्र ते श्रावण या काळात व्हायला हवे, हेही त्यांना सांगता येईल.

राहिला बाईंचा प्रश्न. पिल्ले ठेवून घेतली हे बरोबरच झाले, पण ते अर्धे काम होते. पाचांतली दोन पिल्ले आठवड्याभरातच दगावली. तीन मुलांच्या वस्त्यांवर गेली. पिल्लू नेताना प्रत्येक घराने लस आणि शस्त्रक्रिया करून घेण्याचे बाईंजवळ कबूल केले आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यांनी चौकशीही करून ठेवली आहे. आम्ही फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, की हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन नावे, तीन घरे आणि 'जून' एवढे लिहून ठेवले आहे. जूननंतर दोन-अडीच महिन्यांनी भाद्रपद लागतो.